मागच्या चाकांची जोडी

"ती जोडी बुक हाय, शेखरदादा. हात लावू नगा."

पिराजी एवढं बोलला आणि राजशेखरचं डोकंच सटकलं. उद्यमनगरातल्या ह्या टायरच्या दुकानात त्याला आजवर कुणी असं म्हणालं नव्हतं. आणि म्हणणार कसं? गेल्या साली एटीव्हीची शर्यत मारलेला गडी तो! चार चाकांची ती फटफटी माळावरनं अशी उडवलेली, की मलकापुरात पोरं अजून त्याला बघून शिट्ट्या मारायची.

"कुणी बुक केली?"

पिराजी हातातली टायर काढायची टॉमी फडक्यानं पुसत बसला.

"विद्यानं?"

"तुमच्या घरातलं भांडण माझ्या दुकानात नगं बघा."

म्हंजे विद्याश्रीच. रुद्रय्याकाकांची पोरगी, राजशेखरची चुलतबहीण. पंधरा दिवसांमागं सगळं घर जेवायला बसलेलं, आणि हिनं भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं, औंदा शर्यतीत मीबी उतरणार. काकांचा घास हातातच राहिला. राजशेखर खदाखदा हसला.

"चिखलात पोरींनी भात लावावा, विद्ये. गाडी न्हवं!"

"हसून घे, दादा. हरले तर माझ्या गाडीची चावी तुझी. परत सीटवर बसायची न्हाय मी. आणि तू हरलास तर?"

"हरतोय कोण?"

"तरीबी बोल की. का भ्यालास?"

"तर माझी चावी तुझी! जा!"

सगळ्या घरानं ऐकलं. काकूनंसुद्धा. आता माघार कसली?

खरी गोची येगळीच होती. औंदाची शर्यत माळावर नव्हतीच. मलकापूरजवळ अंबूबाई म्हणून एक म्हातारी, तिच्या वावरात होती. आजूबाजूला सगळीकडं भाताची लावण चाललेली आणि मधी हे एवढं मोठं वावर, नुसता चिखल. राजशेखर आदल्या रविवारी बघून आलता. पायात नवे पांढरे बूट, म्हणून खाली उतरला न्हाय. कडेला चार घडीव दगडी पायऱ्या होत्या, त्यांच्यावर बसून त्यानं नजरेनंच सगळं मापून घेतलं. तेवढ्यात चिखलातनं विद्याश्री वर आली. कंबरंपर्यंत माखलेली.

"काय गं, म्हशीसंगं डुंबायला गेलतीस?"

तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि गेली. बांधावर बसलेली अंबूबाई मात्र बिनदाताचं हसली.

तर मागच्या चाकांना टायर कुठला, हाच सगळा खेळ होता. राजशेखरच्या गाडीला होती ती जोडी त्यानं मुद्दाम पुण्यासनं आणलेली. हे एवढे रुंद टायर, वल्ह्यासारख्या उभ्या पट्ट्या, आणि चाकांच्या मधल्या लोखंडी डिस्क लालभडक रंगवलेल्या. अख्ख्या कोल्हापुरात तशी दुसरी जोडी नव्हती. आणि विद्यानं बुक केलेली ही जोडी? उंच, पण हातभर पोरानं उचलावी अशी बारकी.

"एवढा अरुंद टायर? शर्यतीला?"

"मीबी तेच म्हणालो," पिराजी म्हणाला आणि मग आवाज खाली आणला. "तर म्हणाली, पिराजीमामा, भाताच्या वावरात पिढ्यान् पिढ्या चिखलणी झालेली असती. चिखलाखाली फरशीगत तळ बसतोय. रुंद चाक वरच घसरत बसतंय. अरुंद चाक चिखल कापून तळाला जातंय, आणि तळ लागला की गाडी सुटलीच."

राजशेखर बघतच राहिला. खोटं कुठं होतं? घरच्या ट्रॅक्टरवर त्यानं हेच तर बघितलेलं. आपल्याला कसं सुचलं न्हाय?

"पिराजी, माझी चाकं काढ. ही जोडी चढव."

"अवो, बुक हाय ती! मी त्या पोरीला काय तोंड दाखवू?"

"माझी रुंद जोडी दे की तिला. बसू दे घसरत!"

"आणि तुम्हाला परत लागली तर?"

"मला? ती? परत तोंड बघणार न्हाय तिचं."

पिराजीनं सुस्कारा सोडला. टायरवर खडूनं 'विद्या' लिहिलेलं, ते अंगठ्यानं पुसलं. जरा जास्तच झटक्यात पुसलं. आणि जॅक ओढला.

"मागनं मला बोल लावू नगा म्हंजे झालं."

शर्यतीदिवशी हीऽऽ गर्दी! कर्णे कोकलत होते, भेळवाल्यांच्या गाड्या लागलेल्या, रुद्रय्याकाका एका झाडाखाली तोंड पाडून उभे. राजशेखर आपल्या अरुंद चाकांवर ऐटीत येऊन रेषेवर थांबला. शेजारी विद्याश्रीची गाडी. मागची दोन्ही चाकं बारदानानं झाकलेली.

"लाजतीयास काय गं? दाखव की!"

तिनं बारदान ओढलं. खाली लालभडक डिस्क.

राजशेखर हँडलवर पडून पडून हसला. "माझंच जुनं घालून माझ्यासंगं शर्यत! पिराजीनं दुसरं कायच दिलं न्हाय व्हय?"

"न्हाय." विद्याश्रीनं हेल्मेटचा पट्टा आवळला. "दुसरं मागितलंच न्हवतं."

हसता हसता तो थांबला. पण झेंडेवाल्यानं हात वर केलाच होता. गाड्या गुरगुरायला लागल्या. अंबूबाई लुगडं सावरत येऊन त्या दगडी पायऱ्यांवर, अगदी वरच्या पायरीवर बसली.

"आज्जी, मागं सरका!" राजशेखर ओरडला. "चिखल उडंल अंगावर!"

"उडू दे, पावणं. मी नवी नवरी आलते तवा ह्याच पायरीवर धुणं धुवायची. दोन परस पाणी असायचं हितं, एकावर एक दोन माणसं बुडतील एवढं. पुढं तळं गाळानं भरलं, तवापासनं लोक वावर म्हणाय लागली. तळ काय अजून कुणाला लागलेला न्हाय."