सायीचा रंग

मालिनीताईंनी वीतभर लांबीची फियाट साड्यांमागे लपवली होती; पण आज अण्णांनी हट्टच धरला, "माझी गाडी आण."

ऑपरेशनपूर्वी दोन महिने खपून त्यांनी ही छोटी प्रतिकृती रंगवली होती. "आपल्या जुन्या फियाटचा सायीचा रंग हुबेहूब साधलाय," असं ते सगळ्यांना सांगत. गाडी मात्र चुन्यासारखी पांढरी झाली होती. मोतीबिंदूमुळे अण्णांना पांढरंही पिवळसर दिसे. त्यांचं मन मोडू नये म्हणून ताईंनी, अण्णांकडे रंगकाम शिकणाऱ्या शेजारच्या जुईलाही गप्प बसवलं होतं.

अण्णांचा एक डोळा लहानपणीच गेला होता. दुसऱ्याची पट्टी काढून आठवडा झाला, तरी "धुकंच आहे" यापलीकडे ते काही बोलत नव्हते.

ताईंनी नाइलाजानं गाडी त्यांच्या हातात दिली. खिडकीशी जाऊन अण्णांनी ती उलटसुलट फिरवली. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, ही तर पांढरीफटक आहे!"

ताई ओरडल्याच, "दिसलं! अहो, तुम्हाला दिसलं!"

"न दिसायला काय झालं? आणि जुई, तू गं? दोन महिने बघत होतीस ना?"

दारात उभ्या जुईनं हळूच ताईंकडे बोट दाखवलं.

"आण तो पॉलिशपेपर. हे सगळं घासून काढू. मग पांढऱ्यात पिवळा थेंबाथेंबानं कसा घालायचा, ते दाखवतो. आणि या वेळी रंग चुकला, तर तोंड उघडायचं!"

ताई पदरानं डोळे पुसत हसल्या. "उघड गं बाई, आता खुशाल उघड."