शेवटच्या रांगेपर्यंत

मुंबईचे मोठे साहेब व्हिडिओ कॉलने टीव्हीवरून पुण्यातल्या खराडीच्या ऑफिसशी बोलणार होते. हॉलमध्ये एवढी माणसं मावणार नाहीत, म्हणून कार्यक्रम हिरवळीवर ठरला. एचआरच्या नम्रता मॅडम ॲडमिनच्या रंगरावांना म्हणाल्या, "काका, भाड्याने काही आणायचं नाही, बजेट नाहीये. पण शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं पाहिजे. विषय महत्त्वाचा आहे."

अठरा वर्षांत रंगरावांनी कंपनीला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी कॅन्टीनचा टीव्ही उचलून बाहेर आणला आणि पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून त्याला तिन्ही बाजूंनी पुठ्ठे बांधले. विश्रांतवाडीतल्या आपल्या गणपती मंडळाचे दोन स्पीकर मागून स्कूटरवर आणले. एक टीव्हीपाशी ठेवला, दुसरा पार मागे नेला. साहेब बोलायला लागले तेव्हा आवाज तपासायला ते स्वतः शेवटच्या रांगेमागे उभे राहिले.

"खर्च कमी केल्याशिवाय इलाज नाही," साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून पुण्याचं ॲडमिन खातं बंद होतंय. ती कामं बाहेरची एजन्सी बघेल."

पुढच्या रांगांमधल्या माना एकेक करून मागे वळल्या. सगळे मागे बघताना दिसले, तेव्हा साहेबांनी विचारलं, "हॅलो, मागे आवाज येतोय ना?"

नम्रता मॅडमनी सवयीने रंगरावांकडे पाहिलं.

 

रंगरावांनी अंगठा वर केला.