गोड बातमी

सेवा क्लबाच्या साप्ताहिक सभेत रक्तदान शिबिराचा विषय संपला आणि सेक्रेटरी सभासदांच्या बातम्यांकडे वळले. "आणि सगळ्यात गोड बातमी शेवटी. आपले चष्मेवाले आता आजोबा झाले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्म्यांचं दुकान चालवणारे चष्मेवाले उठले, हसले, त्यांनी सगळ्यांना हात जोडले.

"बाळ कोणावर गेलंय हो?" मागून कुणीतरी विचारलं.

"माझ्यावरच! नाक अस्सं, की जणू चष्मा बसायलाच घडवलंय." सगळे खो खो हसले.

सभा संपल्यावर खुर्च्या एकावर एक रचताना त्यांनी सेक्रेटरींना हळूच विचारलं, "मुलगा की मुलगी?"

सेक्रेटरींचा हात खुर्चीवरच थांबला. "म्हणजे? मुलगी. आमची ही त्याच हॉस्पिटलात नर्स आहे ना, तिनं सांगितलं. पण अहो, वहिनी तर चार दिवस तिथंच होत्या, लेकीच्या उशाशी!"

चष्मेवाल्यांनी पुढची खुर्ची उचलली. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून लेकीला घराचं दार त्यांनीच बंद केलं होतं. बायको आजारी बहिणीकडे जाते म्हणून गेली होती, ती आज सकाळीच परतली होती.

रात्री ताट वाढताना बायकोनं विचारलं, "आज क्लबात काय विशेष?"

"नेहमीचंच." त्यांनी मान वर केली नाही. "तुझी बहीण बरी आहे ना आता?"

तिनं त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"आहे," ती म्हणाली. "सुखरूप आहे."