चौथं बारसं

बारशाला जमलेल्या बायका कधीच्या खोळंबल्या होत्या, पण शिवगंगा काही मांडीवरची पोर पाळण्यात ठेवायला तयार नव्हती.

पाळण्यात आधीच गुंडा निजला होता. गुंडा म्हणजे वाटणाचा दगडी वरवंटा. त्याला न्हाऊ घालून, विभूती लावून, कुंची चढवून बाळाच्या आधी निजवायचं, मग पाळण्याखालून या हातातून त्या हातात फिरवायचं, आणि मग नाव. नाव कानात सांगायची आत्या, पण या घरच्या रीतीप्रमाणे ते यायला हवं माहेराहून. शिवगंगेचं माहेर म्हणजे एकटा थोरला भाऊ, शांतलिंग.

शांतलिंग हैदराबादेला वेधशाळेत होता. दुर्बिणीतून फोटोच्या काचांवर उतरलेले तारे भिंग लावून मोजायचे आणि त्यांच्या जागा वहीत टिपायच्या, हे त्याचं काम. आजवर त्यानं बहिणीला तीन नावं टपालानं धाडली होती. रोहिणी, चित्रा, स्वाती. त्या तिघींपैकी एकही उरली नव्हती, म्हणून या वेळी तो स्वतः आला. गुलबर्ग्यापर्यंत आगगाडी, आणि पुढं लढाईमुळे पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणारी खटारा मोटार. बहिणीच्या गावी, मुरुमला उतरला तेव्हा तोंड काळंठिक्कर पडलं होतं, पण खिशात चौथं नाव होतं. तारा. तारा म्हणजे चांदणी, आणि तारून नेणारीही. एवढा अर्थ तरी बहिणीला गोड लागेल, अशी त्याची भाबडी समजूत.

"ताराबिरा नगं, अण्णा," शिवगंगा म्हणाली. "गुंडव्वा ठिवायचं. तुमी फकस्त व्हय म्हणा."

शांतलिंगची कानशिलं तापली. तारे मोजणाऱ्या मामाची भाची, आणि नाव दगडाचं!

"गंगे, उद्या शाळेत पोरं हसतील तिला. नावानं कुणी मरत नाही. रोहिणीला देवी आल्या, चित्राला ताप..."

"ठावं हाय मला. म्याच बसले हुते उशाशी." तिनं पाळण्याकडं बोट केलं. "ह्याच पाळण्यात, ह्याच गुंड्याशेजारी तिघींना निजवलं. माझ्या तिन्ही चुक्क्या गेल्या. गुंडा तेवढा ऱ्हायला. जो ऱ्हायला त्याचं नाव ठिवा."

चुक्की म्हणजे कानडीत चांदणी. भावानं कुठलंही नाव धाडलं तरी शिवगंगा पोरींना हाक मारायची ती चुक्की म्हणूनच.

"आन तुमीच लिवलं हुतं, अण्णा. स्वातीच्या येळंला. गंगे, तारे मरत नाहीत, म्हणून. त्ये पत्र उशाखाली घिऊन निजायची म्या."

लिहिलं होतं खरं. दोन लेकी गमावलेल्या बहिणीला धीर द्यायचा म्हणून ठोकून दिलं होतं. आता मात्र त्याला मनापासून लाज वाटली. चारचौघींत कबूल करणं जड जात होतं, आणि गप्प बसणं त्याहून.

तो पाळण्याशी गुडघे टेकून बसला.

"खोटं लिहिलं मी. मरतात तारे. जळून जळून आतलं सरपण संपलं, की आपल्याच भारानं आत ढासळतात. आकाशात व्याधाच्या शेजारी असा एक आहे. वजनाला सूर्याएवढा, पण आकारानं आपल्या पृथ्वीएवढाच उरलाय. नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही."

"मग काय ऱ्हातं त्याचं?"

शांतलिंगनं कुंची घातलेला गुंडा उचलून हातात धरला.

"वजन. सगळं वजन तेवढ्यातच मावून राहतं. त्या ताऱ्याचा एवढा तुकडा इथं आणून ठेवला ना, तर मुरुमच्या बाजारातल्या साऱ्या गाड्या जुंपल्या तरी जागचा हलायचा नाही."

"म्हंजी त्याला कुणी उचलून न्हेऊ शकत न्हाय?"

बायका त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. आता नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण एकदा त्यानं तेच केलं होतं.

"ताऱ्याचं सांगतोय मी, गंगे. पोरीचं मला सांगता येत नाही. पण नाव गुंडव्वाच ठेवू."

गुंडा फिरवायचं काम बायकांचं. तरी त्यानंच तो पाळण्याखालून पलीकडं दिला. पलीकडं शिवगंगेची सासू रुद्रम्मा बसली होती. तिनं गुंडा घेतला, पाळण्यात उशाशी ठेवला आणि सुनेपुढं हात पसरले.

शिवगंगेनं पोर तिच्या हातात दिली. दिवस भरायच्या आधीच आलेली, सुपात दोन मावतील एवढीशी पोर.

"आत्याबाई, जड लागती का वो?" तिनं सासूला विचारलं.

जमलेल्या बायका चपापल्या. तान्ह्या लेकराला जड म्हणू नये, दृष्ट लागते. तिन्ही नातींच्या बारशात कुणाच्या तोंडून हा शब्द निघू नये म्हणून रुद्रम्मानंच बायकांना दटावलं होतं.

म्हातारीनं पोर छातीशी धरली, उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली.

"लई जड हाय गं," ती म्हणाली. "हात लावा कुणीतरी. माझ्या एकटीच्यानं हलंना."