एक पाय जमिनीवर

संस्था मोठी होते ती निर्णयांनी, आणि लहान होते तीही निर्णयांनीच. हे वाक्य फळ्यावर लिहून भाचा दोन पावलं मागे सरला आणि ते कसं दिसतंय ते बघू लागला. संस्थेत माणसं दोन होती. दुसरी त्याची मावशी. ती खुर्चीत बसून चष्मा पुसत होती.

निर्णय असा होता, की चालण्याच्या शर्यतींवरचा ‘टाच आणि चवडा’ हा त्यांचा पॉडकास्ट आजपासून व्यवसाय राहणार नाही, हौस होईल. चार वर्षं तो व्यवसाय होता, म्हणजे भिंतीवर वर्षाचं नियोजन होतं, दर महिन्याला धोरण बैठक होती आणि मोजे बनवणारी एक कंपनी जाहिरात देत होती. गेल्या महिन्यात कंपनी पोहण्याच्या स्पर्धांकडे वळली. तिथे मोजे घालतं कोण, असं मावशीने विचारलं होतं. प्रेक्षक घालतात, असं कंपनीचं म्हणणं पडलं, आणि ते प्रेक्षक जास्त होते.

भाच्याच्या खिशात त्यानेच लिहिलेलं एक पत्र होतं. ‘ज्येष्ठ तज्ज्ञ’ हे पद रद्द करण्यात येत आहे, सहकार्याबद्दल आभार. पद मावशीचं होतं. या शर्यतींत तिने बावीस वर्षं पंच म्हणून काढली होती. आता मंगळवारचं रेकॉर्डिंग सोडलं तर ती घराबाहेर पडत नाही, हे त्याला आईकडून कळलं होतं. पद गेल्यावर येशील का, हे विचारायला त्याची जीभ रेटत नव्हती. हौस म्हटल्यावर कोणाला हक्काने बोलावताही येत नाही.

म्हणून त्याने आधी सोपं काम काढलं. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला कंपनीचं गाणं वाजायचं आणि त्याच्याखाली कुठेतरी चालणाऱ्या खेळाडूची पावलं. गाणं आता काढून टाकायचं होतं. त्याने ते काढलं आणि उरलेली पावलं मावशीला ऐकवली.

मावशीचा चष्मा हातातच राहिला. पुन्हा लाव, म्हणाली. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तिने मान कलती केली, शेजारचं भांडण ऐकताना माणसं करतात तशी.

“कोण आहे रे हा?”

भाच्याने खरं ते सांगितलं. पहिल्या भागाच्या वेळी कोणी खेळाडू मिळाला नव्हता, म्हणून तो स्वतःच बाहेरच्या पॅसेजमध्ये चालला होता.

“चालला नाहीस,” मावशी म्हणाली. “पळालायस.”

या खेळात याहून वाईट आरोप नाही. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा; निम्मा खेळ एवढाच आहे. भाच्याने कानाच्या पाळ्या लाल करून विचारलं, की मग दोनशे भागांची जाहीर माफी मागायची का. ते नंतर, असं मावशीचं मत पडलं. नियमाने डोळ्यांना दिसलेलं धरतात, कानाने ऐकलेलं नाही, आणि तिला आधी बघायचं होतं. धोरण बैठकीत ती कधी इतक्या चटकन उठली नव्हती.

पॅसेजमध्ये समोर दातांचा दवाखाना होता. बाहेरच्या बाकावर दोन पेशंट होते. मावशी त्यांच्यामध्ये जाऊन बसली आणि दोघांना नियम समजावून सांगितला. भाचा हातात रेकॉर्डर धरून टोकापर्यंत गेला आणि परत आला. मावशीने पर्समधून लाल कार्ड काढून वर धरलं. ते पर्समध्ये होतं याचं फक्त पेशंटांना नवल वाटलं.

“म्हणजे मी बाद?”

“एका पंचाने कोणी बाद होत नाही. तीन लागतात.”

तिने आजूबाजूला पाहिलं. डावीकडच्या बाईंनी आपल्याला लांबचं दिसत नाही असं सांगून अंग काढून घेतलं. उजवीकडच्या गृहस्थांचा गाल बधिर केलेला होता. त्यांनी नुसता हात वर केला. तिसरा पंच मिळाला नाही, त्यामुळे भाचा शर्यतीत राहिला.

तो आणखी तीनदा चालला. मावशीने टिपून ठेवायला कागद मागितला. खिशात एकच कागद होता. देऊन झाल्यावर तो कोणता ते भाच्याच्या लक्षात आलं. मावशीने पत्र वाचलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पॅसेजचा नकाशा काढला.

“दवाखान्यापर्यंत छान चालतोस,” ती पेनाने दाखवत म्हणाली. “पाय जमिनीवरून सुटतो तो आपल्याच दारासमोर. दर वेळी तिथेच. कसली घाई होती रे तुला तिथे?”

भाच्याने दाराकडे पाहिलं. त्याने पत्राविषयी काहीतरी बोलायला सुरुवात केली.

“पद रद्द, हे वाचलं मी,” मावशी म्हणाली. “मंगळवार रद्द असं कुठे लिहिलंय? चल, परत चाल. दाराकडे बघू नकोस.”

बधिर गालाच्या गृहस्थांना आतून हाक आली. एवढी एक फेरी बघून येतो, अशी त्यांनी हाताने खूण केली. त्या फेरीत पाय सुटला नाही. हौशी पॉडकास्टच्या पहिल्या भागाला तीच पावलं लावली, गाण्याशिवाय.

पुढच्या मंगळवारी मावशी दहा मिनिटं आधी आली. आठवडाभरात श्रोत्यांकडून एकच मेल आला होता. मोज्यांचं गाणं परत लावा, असं त्यात लिहिलं होतं.