कीर्तनातली चार पावलं

सारजाबाई आईच्या पोटात असतानाच तिचा बाप तापानं गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. आईनं सांगितलेली एक खूण तेवढी होती. लढाईच्या साली भोरला सिनेमावाले आले होते. त्यांच्या संतांच्या चित्रात, कीर्तनाला बसलेल्यांना बुक्का लावत जातो, तो तुझा बाप.

एक्क्याऐंशी वर्षांनी ते काळं-पांढरं चित्र प्रगतीला, तिच्या नातीला, मोबाईलवर सापडलं. उन्हं उतरताना दोघी पडवीत बसल्या. सारजाबाईनं चपला काढल्या आणि आधी मोबाईललाच बुक्क्याचं बोट टेकवलं.

"आजी, बिघडंल की त्यो!"

"संतांचं चित्र हाय बाई. तसंच कसं बगायचं? माजी आय तंबूतल्या पडद्यालाबी लावायची."

कीर्तन सुरू झालं. माणसं सकाळच्या धुक्यात बसल्यासारखी दिसत होती. त्यांच्यामधून एक कोवळा गडी बुक्का लावत येत होता. नाक थेट सारजाबाईचं. एकेक कपाळ मागं टाकत तो पुढं पुढं आला. समोर कुणीच उरलं नाही, तरी त्यानं बघणाऱ्याकडं हात केला. सारजाबाईनं डोळे मिटले आणि त्या हाताला कपाळ टेकवलं.

बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली. चित्र कधीच पुढं सरकलं होतं. काचेवरचा बुक्का तिच्या कपाळावर उमटला होता. प्रगतीनं ओढणीचं टोक पुढं केलं.

"पुसू नगंस गं," सारजाबाई म्हणाली, "बापानं लावलाय."