पलीकडची हाक

दारूबंदी आली तरी होडीवाल्या काशीरामची दारू सुटली नव्हती. गेल्या शिमग्यात तो पिऊन होडीतच झोपला होता. खाडीपलीकडून त्याच्या बायकोने, गंगाने, कितीतरी हाका मारल्या. शेवटी ती ओहोटीच्या चिखलातून चालत निघाली, मधेच रुतली, आणि भरती आली.

तेव्हापासून तो थेंबालाही शिवला नाही. पण रोज दुपारी पलीकडून हाक येई. तो होडी घेऊन जाई आणि रिकामी परत आणी.

"कोण नसतं तिथे, मग जातोस कशाला?" आई विचारी.

"तेव्हा गेलो नाही म्हणून."

आज हाक आली नाही. काशीराम पायरीवर बसून पाण्याकडे बघत राहिला. त्याला जरा हलकं वाटलं.

मागे घरात आई कुणाला तरी म्हणाली, "आजपण चालतच आलीस गो? लुगडं पिळून घे आधी."